पायाकडची पाटी

आमच्या घरी तो पलंग आला त्या दिवशी सगळी गल्ली शिंकत होती. पलंग मिरचीच्या गाडीतून आला होता. कळमन्याच्या बाजारात दिवसभर मिरचीची पोती वाहिली की तिथल्या एका मिरचीवाल्या शेठची छोटी गाडी संध्याकाळी लोकांच्या घरी पलंग, वॉकर, व्हीलचेअर पोहोचवायची, तेही फुकट. ताडपत्री कितीही झटकली तरी खकाणा काही जायचा नाही. समोरच्या काकू नाकाला पदर लावून दारातून ओरडल्या, "काय वं मॅडम, पाहुणा मोठा तिखट आला!" मी शिंकत शिंकतच त्यांना हात केला. एरवी मी कोणाचं असं ऐकून घेणारी नव्हे, पण त्या दिवशी मला खकाण्याचाही राग आला नाही, इतकी मी त्या पलंगाची वाट पाहत होते.

सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हाड जुळेल, पण या वयात माणूस हाडानं जात नाही, पडून राहण्यानं जातो. छाती भरते, पाठीला जखमा होतात. त्यांना उठवून बसवत राहा. उशाकडून वर होणारा पलंग मिळाला तर बघा.

घरी त्यांची ती जुनी बाज. सुतळीची, मधोमध खोल गेलेली. त्या बाजेवरून त्यांना उठवून बसवायचं म्हणजे मी आणि हे, आम्ही दोघं दोन्हीकडून धरणार, त्या विव्हळणार, आणि उशा रचून टेकवल्या की पुन्हा हळूहळू घसरून खाली. माझी कंबर गेली, ह्यांचा धीर गेला.

आता या बाईंबद्दल सांगायलाच हवं. मी कन्हानच्या शाळेत शिकवायला जायचे. सकाळची बस, संध्याकाळची बस, आणि मधल्या सगळ्या दिवसाचं घर सासूबाईंच्या हातात. माझ्या लेकीला त्यांनी वाढवलं. तिचा ताप, तिच्या वेण्या, तिची भांडणं, सगळं त्यांनी निस्तरलं. "तू नोकरी सोडाची नाही, सांगून ठेवते," असं मला घरात एकाच माणसानं म्हटलं होतं, आणि ते माणूस म्हणजे माझी सासू. माहेर त्यांचं भिवापूरकडचं, शाळा पाहिलेली नाही. लेकीला मी अंकलिपी शिकवायला बसले की याही शेजारी बसायच्या, कौतुक म्हणून. बघता बघता लेकीच्या आधी वाचायला लागल्या. तेव्हापासून सकाळी पेपर आला की पहिलं पान सोडून थेट निधनवार्ता. कोण गेलं, कुठलं, किती लेकरं मागे. एकदा मी म्हटलं, "आई, दुसरंही काही वाचा ना." तर म्हणाल्या, "बाकीचे जिते हायेत वं, ते काय पळून जातात?"

म्हणजे वाचायला मीच शिकवलं, आणि तेच माझ्या अंगाशी आलं. ते कसं ते आता सांगते.

तो पलंग मिळाला आमच्याच भागातल्या, आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू वापरायला देणाऱ्या साहित्य केंद्रातून. केंद्र म्हणजे एका लोखंडाच्या दुकानामागचं गोदाम. दुकानदारानं ते बिनभाड्यानं दिलेलं. पलंगाचं काही मोडलं की शेजारचा फॅब्रिकेशनवाला आपलं काम संपवून वेल्डिंग करून द्यायचा. रेक्झिनच्या गाद्या मोमिनपुऱ्यातले एक गादीवाले चाचा शिवून द्यायचे. लाँड्रीवाला चादरी धुवून द्यायचा. आणि हा सगळा कारभार पाहायचे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका. गाडी भरली की तिच्या पत्र्यावर दोनदा थाप मारून म्हणायचे, "टिंग टिंग! जाऊ द्या!" नोकरी सुटली होती, घंटी सुटली नव्हती.

आणि तिथे पाट्या! अहो, प्रत्येक वस्तूवर पाटी. अमक्याच्या स्मरणार्थ वॉकर, तमकीच्या स्मरणार्थ व्हीलचेअर. महाल भागातला एक पेंटर यायचा आणि लाल रंगात ठसठशीत अक्षरं काढून द्यायचा. काका सांगत होते, एका कुटुंबानं तर मोठं भांडण केलं. त्यांनी पैसे दिले व्हीलचेअरसाठी आणि वडिलांचं नाव पडलं कमोडच्या खुर्चीवर. "आता मॅडम, सांगा बरं," काका म्हणाले, "कमोड काय कमी गरजेचा असतो का?" मी पोट धरून हसले होते. पाटीचं हसू मला तिथवरच आलं.

पलंग जोडला. गादी टाकली, चादर घातली. गाडीसोबत आलेले दोघे, मी आणि हे, चौघांनी मिळून सासूबाईंना बाजेवरून उचलून अलगद त्यावर ठेवलं. ह्यांनी खालचा दांडा फिरवला तशी उशाकडची बाजू वर आली. सासूबाई चक्क बसल्या! न विव्हळता! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर त्या समोर पाहत होत्या, अगदी टक लावून.

पलंगाच्या पायाकडच्या पाटीवर, आतल्या बाजूनं, लाल रंगात लिहिलेलं होतं: 'कै.', मग एका बाईचं नाव, आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. पलंग वर केला की झोपणाऱ्याची नजर नेमकी तिथेच. पुढे कळलं की पलंग केंद्राला दिला तेव्हा सगळ्यांना पायाकडे उभं राहून उशाकडून फोटो काढून घ्यायचा होता, नाव फोटोत यावं म्हणून ते आतून लिहिलं. एवढी चांगली माणसं, एवढ्या जणांचे हात लागले, पण एकानंही त्या पलंगावर निजून पाहिलं नव्हतं.

"उतरवा मले," सासूबाई म्हणाल्या.

"आई, काय झालं? दुखतंय का?"

"दुखून नाही राहिलं. उतरवा. मी अजून मेली नाही. त्या बाईच्या बिछान्यावर मी मराले झोपू का?"

समजावलं, हातापाया पडलो. ह्यांनी आवाज चढवला. काही उपयोग नाही. एवढंसं पाखरासारखं शरीर, पण हट्ट कुठे मावत नव्हता. शेवटी ज्या चौघांनी चढवलं त्याच चौघांनी उतरवलं, आणि बाई आपल्या खोल बाजेत जाऊन पडल्या. मिरचीच्या गाडीतला एक जण दारात थांबून म्हणाला, "मॅडम, पलंग परत नेऊ का?" मी म्हटलं, "हात लावून तर पाहा!" बिचारा पळाला.

दुसऱ्या दिवशी मी त्या पाटीवर फुलाफुलांची चादर टाकली, टाचण्या लावून पक्की केली. सासूबाईंनी पडल्या पडल्या सगळं पाहिलं. "झाकल्यानं मेलेलं जितं होते काय?" मी स्वयंपाकघरात जाऊन कणकेवर राग काढला.

मग पट्टी बदलायला नर्सबाई आल्या, त्यांनी सासूबाईंना कुशीवर वळवलं आणि मला हाक मारली. कंबरेखाली लाल चट्टा उठला होता. बोटानं दाबलं तरी लाली जात नव्हती. नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ही सुरुवात आहे मॅडम. कातडी फाटली तर मग आवरणं कठीण. आणि छातीतही थोडी घरघर येऊन राहिली. यांना बसवाच." पलंग माझ्या घरात, हातभर अंतरावर, आणि माझी सासू त्याच्या शेजारी खचत चाललेली. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

मी तशीच केंद्रावर गेले. कंडक्टर काका वॉकरच्या पायांना रबर बसवत होते. मी तोंड सोडलं. म्हटलं, "काका, आजारी माणसाच्या डोळ्यांसमोर मेलेल्याचं नाव लिहायची अक्कल कोणाची? पुसून द्या ते, नाहीतर मी स्वतः खरडून काढते." काकांनी ऐकून घेतलं. वर्षानुवर्षं पाशिंजरांची बोलणी खाल्लेला माणूस, त्याला माझं काय! मग म्हणाले, "मॅडम, धर्माच्या गाईचे दात मोजू नये म्हणतात."

"माझी सासू मरून राहिली आणि तुम्ही मला गाय सांगता?"

काका उठले, मला स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाले, "दुसरा पलंग असता तं आत्ता देल्ला असता. सगळे बाहेर हायेत. अन् नाव मी नाही पुसू शकत. ते मिरचीवाल्या शेठच्या मायचं नाव हाय, पलंग त्यानंच देल्ला. त्यानं विश्वासानं टाकलं. त्याले विचारल्याबिगर कसं पुसू?" एवढं बोलून त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच शेठला लावला.

शेठ दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, चांगली धारदार. दारात उभा राहिला तो पन्नाशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला माणूस. डोक्याला दुपट्टा बांधलेला, अंगाला तोच मिरचीचा वास. चप्पल बाहेर काढून तो आत आला आणि मी तोंड उघडायच्या आत बाजेवरून आवाज आला.

"तूच का गा, मायचं नाव लिवणारा?"

"हो मावशी. मीच."

"कशी गेली तुही माय? याच पलंगावर का?"

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. शेठ मात्र बाजेजवळ खाली फरशीवरच बसले.

"नाही मावशी," ते म्हणाले. "हा पलंग तिले दिसला बी नाही. भेटला असता तं..." मग सांगू लागले. आई भिवापूरला मिरचीचे देठ तोडायच्या कामाला जायची. एक दिवस पडली आणि उठलीच नाही. घरात अशीच बाज, अशीच मधून खोल. शेठ स्वतः तेव्हा दिवसभर हमालीवर. पाठीला जखमा झाल्या. असे पलंग असतात, ते कोणी वापरायला देतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं आणि कोणी सांगितलंही नाही. "शेवटी शेवटी एकच म्हणे मावशी, बापू, मले जराशी बसव गा, मले रस्ता पाहाचा हाय. मी बसवो अन् ते घसरे. पुन्हा बसवो अन् पुन्हा घसरे. तिले रस्ता काही दिसला नाही. मंग माह्यापाशी चार पैसे आले तवा मी पहिलं काम हे केलं."

माझी सगळी धारदार वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

सासूबाईंनी विचारलं, "देठ तोडून हाताची आग होये का तिच्या?"

"लय होये."

"काय लावे?"

"ताक."

"आमी बी ताकच लावो," सासूबाई म्हणाल्या. लग्नाआधी त्याही तेच काम करत होत्या, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी आपला सुरकुतलेला हात उलटा करून पाहिला, जणू आग अजून तिथे असेल.

शेठ उठले, चादर बाजूला करून त्यांनी पाटी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "माय वं! हे तं झोपल्या माणसाच्या डोळ्यासमोर आलं! असं कोणी करते का? मावशी, मी आत्ता पुसून देतो." दुपट्टा सोडून ते खरंच पाटी घासायला लागले. वाळलेला रंग तो, काय निघतो!

"थांब गा," सासूबाई म्हणाल्या. "मायचं नाव असं फडक्यानं पुसत नसतात. राहू दे." मग माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, मले तिकडे घे. तिचं बसाचं राहून गेलं ना? चाल, मी बसून पाहते."

या वेळी शेठनी एका बाजूनं धरलं. दांडाही त्यांनीच फिरवला, अगदी हळू, मधूनमधून विचारत, "बरं हाय ना मावशी? अजून वर घेऊ?" सासूबाई बसल्या. मग म्हणाल्या, "हा पलंग असा काहून ठेवला? खिडकीकडे करा. रस्ता दिसला पाहिजे." आम्ही पलंग फिरवला. रस्त्यावर काय होतं? समोरच्या काकू भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. सासूबाई ते मन लावून पाहत राहिल्या आणि शेठही मागे उभं राहून तेच पाहत राहिले.

चट्टा हळूहळू मावळला. छातीतली घरघर गेली. व्यायाम करून घ्यायला एक पोरसवदा डॉक्टरीण स्कुटीवरून यायची, तीही केंद्राचीच, एक पैसा घेत नव्हती. पाय उचलताना सासूबाईंना ब्रह्मांड आठवायचं. मग त्या समोरच्या नावाकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "चाल वं बाई, ऊठ. पडून काय राहतं?" डॉक्टरणीला आधी वाटलं, तिलाच म्हणतात. मी सांगितलं, तुला नाही, ती त्यांची मैत्रीण आहे. रोज सकाळी पेपर आला की निधनवार्ता मोठ्यानं वाचून तिला ऐकवायच्या. पहिल्यांदा वॉकर धरून उभ्या राहिल्या तेव्हाही पाटीकडे वळूनच म्हणाल्या, "पाह्यलं का?" मग वॉकरवर दारापर्यंत. मग फाटकापर्यंत. मग वॉकर गेला आणि काठी आली.

त्या दिवसांत माझ्या घरात किती जणांचे हात राबले, याचा विचार आला की मला आजही भरून येतं. गादीवाले चाचा, लाँड्रीवाला, दांड्याचं चाक अडकलं तेव्हा धावत आलेला वेल्डिंगवाला. आम्ही कोण होतो त्यांचे? सोयरे ना धायरे. मी फटकळ बाई, मला आभार मानता येत नाहीत. म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सरळ केंद्रावर जाऊन बसले आणि काकांना म्हटलं, "काम सांगा." आता पलंग बाहेर जायच्या आधी आमच्यापैकी कोणीतरी एक जण त्यावर निजून पाहतो, दांडा फिरवून, उशाकडची बाजू वर करून. आणि आता नाव कोणाचंही असो, बाहेरून लिहायचं. हा नियम माझा. कोणी कुरकुर केली तर मी आहेच.

पण मला सांगायचा आहे तो पलंग परत केला तो दिवस. सासूबाई म्हणाल्या, "मी सोबत येते. तिले एकटी कशी धाडू?" गाडी पुढे आणि आम्ही दोघी ऑटोत मागे. केंद्राच्या दारात त्या काठी टेकत उतरल्या तेव्हा काकांनी पत्र्यावर थाप मारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. शेठ आलेले होते. पेंटरही होता, नव्या वॉकरांवर नावं काढत बसलेला.

सासूबाई पलंगापाशी गेल्या आणि पेंटरला म्हणाल्या, "या नावाखाली एक ओळ लिवून दे गा. लिव, इथून आम्ही दोघी उठून गेलो."

पेंटरनं ब्रश थांबवला. "दोघी कोण आजी?"

"मी अन् हे बाई."

"मंग तुमचं नाव सांगा."

"माहं नाव कशाले? इथं नाव पाह्यलं का लोकायले वाटते, मेली." आम्ही सगळे हसलो. पेंटरनं लिहायला घेतलं. सासूबाई काठीवर भार देऊन एकेक अक्षर वाचत उभ्या होत्या, चुकलं तर सांगायला.

ओळ पुरी झाली. शेठनी ती वाचली. पुन्हा वाचली. दुपट्ट्यानं तोंड पुसलं, मग डोळे, आणि लपवलं काहीच नाही. मग पाटीच्या अगदी वर, नावाच्या आधी जे लिहिलेलं होतं, त्यावर बोट ठेवलं.

"पेंटर भाऊ, हे 'कै.' पुसून टाक."

"शेठ, मंग लोकायले कसं समजन?"

"उठून गेली ना गा ते," शेठ म्हणाले. "आता पुस."

पेंटरनं चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि तेवढंच पुसलं.